गल्ल्यावर कोण बसलं होतं? मोबाईल गेमच्या धंद्याची पहिली पंधरा वर्षं

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. त्यानंतरच्या एका सकाळी इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या गल्लीतल्या काकांनी पोह्यांची पुडी हातात घेऊनच मला थांबवलं. "अगं, टीव्हीवर सांगताहेत, मोबाईलचे गेम बंद झाले म्हणून. आमचा नातू दिवसभर लुडो खेळत असतो. पोलीसबिलीस यायचे का घरी?"

मी म्हटलं, "नाही काका. पैसे लावून खेळायचे जे गेम आहेत, त्यांच्यावर बंदी आहे. नातवाचा लुडो फुकटचा आहे ना? मग काही होत नाही."

काकांचं समाधान झालं असं मला वाटलं. चार पावलं पुढे जाऊन ते परत फिरले. "पण फुकट कसा? बनवणाऱ्याला पोट नाही का? त्याचं घर कशावर चालतं?"

काकांनी आयुष्यभर सियागंजात किराण्याचा हिशेब ठेवला आहे, त्यामुळे प्रश्न बरोबर जागी लागला. मला त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. ते द्यायला पार त्या काळ्या-हिरव्या पडद्यावरच्या सापापर्यंत मागे जावं लागतं. माझं म्हणणं आधीच सांगते: मोबाईल गेमचा धंदा कसा वाढला हे समजायचं असेल, तर कोणता गेम किती मजेदार होता हे नंतर बघावं. आधी बघावं ते गल्ल्यावर कोण बसलं होतं ते. म्हणजे खेळणाऱ्याच्या खिशातून निघालेला रुपया कोणाच्या हातात पडत होता आणि त्यातले किती पैसे बनवणाऱ्यापर्यंत पोहोचत होते.

साप फोनमध्ये शिरला कसा

फोनवरचा पहिला खेळ म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो म्हणजे टेट्रिस. १९९४ साली हॅगेनुक कंपनीच्या एमटी-२००० या फोनमध्ये तो होता. पण लोकांच्या हातात गेम गेला तो नोकियाच्या ६११० या फोनमुळे. १९९७ मध्ये आलेल्या या फोनमध्ये तानेली आर्मांतो या फिनलंडच्या अभियंत्याने लिहिलेला स्नेक, म्हणजे सापाचा गेम, होता. कल्पना त्याहून जुनी. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर १९७६ मध्ये ब्लॉकेड नावाचा गेम आला होता, त्यात अशाच वाढत जाणाऱ्या रेषा होत्या.

आता फोनवर सापच का चालला, हे बघण्यासारखं आहे. त्या फोनचा पडदा ८४ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच होता, म्हणजे सगळे मिळून ४,०३२ ठिपके. प्रत्येक ठिपका एक तर काळा नाहीतर कोरा. संगणकाच्या हिशेबात अशा आठ ठिपक्यांना एक बाइट जागा लागते. बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी जागा. अख्खा पडदा ५०४ बाइटमध्ये मावत होता. आज माझ्या हातातल्या फोनला त्याच्या सहाशेपटीहून जास्त ठिपके आहेत, आणि प्रत्येकाला रंग आहे.

पडदा एवढासा, आणि मंदही. काही झपाट्याने हललं की मागे त्याची पुसट सावली राहायची. अशा पडद्यावर साप कसा पळवायचा? अंगणात दहा खडे एका ओळीत मांडा. ओळ पुढे सरकवायची आहे. दहाही खडे हलवायची गरज नाही. शेवटचा उचला आणि सगळ्यात पुढे ठेवा. बघणाऱ्याला अख्खी ओळ सरकलेली दिसते. स्नेक नेमकं हेच करत होता. शेपटीचा एक चौकोन पुसायचा, तोंडापुढे एक नवा काढायचा, मधल्या सापाला हात लावायचा नाही. आणि दाणा खाल्ला की त्या खेपेला शेपटी पुसायची नाही, साप आपोआप एका चौकोनाने लांब होतो. गरीब पडदा, तोकडी मेमरी आणि २, ४, ६, ८ ही चार बटणं एवढ्यात पूर्ण बसणारा खेळ. मला आजही हे फार सुंदर वाटतं. साधनं कमी असताना माणूस किती नेमका विचार करतो, ते त्यात दिसतं.

भारतातली परिस्थितीही लक्षात घ्या. आपल्याकडे मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि आलेला कॉल घेतला तरी पैसे कापले जात. इनकमिंग सरसकट फुकट व्हायला २००३ उजाडलं. म्हणजे साप आपल्या हातात आला तेव्हा बोलायला पैसे, ऐकायलाही पैसे. त्या महागड्या वस्तूत फुकट म्हणावं असं एकच काम होतं, साप खेळणं. लग्नाच्या हॉलमध्ये एखाद्या मामाचा फोन सगळ्या पोरांच्या हातून फिरायचा तो त्यामुळेच.

पुढे २००० मध्ये ३३१० आला, त्याची विक्री बारा कोटींच्या वर गेली. २००३ मध्ये टॉर्चवाला ११०० आला, तो तर पंचवीस कोटींच्या घरात विकला गेला. दोन्हींत स्नेकची दुसरी आवृत्ती होती. इतक्या हातांत पोहोचलेले खेळ जगात थोडे.

तरीही धंदा सुरू झाला नव्हता. स्नेक कोणी विकत घेतलाच नाही. तो फोनच्या किमतीत आला होता, जसा नव्या कपाटाबरोबर आरसा येतो. गल्ला एकच होता आणि त्यावर फोन बनवणारी कंपनी बसली होती. बाहेरच्या कोणाला त्या फोनमध्ये नवा गेम घालताच येत नव्हता.

बाहेरचा गेम आत घालायचा तर?

पहिला प्रयत्न वॅपचा. वॅप म्हणजे फोनवर इंटरनेटची अगदी साधी, बहुतेक अक्षरांचीच पानं दाखवायची पद्धत. गेम कंपनीच्या संगणकावर असायचा. तुम्ही एक चाल दाबायची, ती तिकडे जायची, उत्तर यायची वाट बघायची, आणि तेवढा वेळ मिनिटांचं मीटर चालू. असा खेळ फार दिवस कोण खेळणार?

खरा बदल केला जावाने. सन मायक्रोसिस्टिम्सने जावा या संगणकभाषेचं छोट्या यंत्रांसाठी आटोपशीर रूप काढलं आणि २००१ पासून ते फोनांत दिसू लागलं. गेम उघडला की वाफाळत्या कपाचं चित्र यायचं, ते याचंच.

जावाचं काम इंदूरच्या माणसाला समजवायला सोपं आहे. माझी आजी मराठीशिवाय दुसरं काही बोलायची नाही. भाजीवाली माळवीत बोलायची, सायकल दुरुस्त करणारे चाचा उर्दूमिश्रित हिंदीत. आजी बाजारात निघाली की बरोबर आम्हा मुलांपैकी एक जण दुभाष्या म्हणून. आजीने आपली भाषा बदलायची नाही, समोरच्यानेही नाही. मधला सांभाळून घेतो. जावाने प्रत्येक फोनमध्ये असा एक दुभाषी बसवला. गेम एकाच भाषेत लिहायचा. तो नोकियाला, सोनी एरिक्सनला, मोटोरोलाला समजावून सांगायचं काम त्या त्या फोनमधल्या दुभाष्याचं.

कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात दुभाषे सारखे नव्हते. एका फोनचा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, दुसऱ्याचा १२८ बाय १६०, तिसऱ्याचा १७६ बाय २०८. कुठे आवाज एका पद्धतीने निघतो, कुठे दुसऱ्या. म्हणून एकच गेम प्रत्येक मॉडेलसाठी पुन्हा बेतावा लागायचा. या कामाला पोर्टिंग म्हणत. शिंप्याकडे एकाच ठाणातून पन्नास ब्लाउज शिवायला टाकावेत आणि पन्नासही बायकांचं माप वेगळं निघावं, तसं. मोठ्या कंपन्यांना एका गेमच्या शेकडो आवृत्त्या काढाव्या लागत, आणि प्रत्येक आवृत्ती खऱ्या फोनवर हाताने खेळून तपासावी लागे. गेम सुचायला आणि लिहायला जेवढे कष्ट, त्याहून जास्त कधीकधी या मापं घेण्यात जात. भारतातल्या कितीतरी तरुण मुलामुलींना या धंद्यातली पहिली नोकरी मिळाली ती परदेशी कंपन्यांच्या अशाच मापं घेण्याच्या आणि तपासण्याच्या कामात.

त्यात जागेची मर्यादा. नोकियाच्या सुरुवातीच्या अनेक साध्या रंगीत फोनांवर गेमची फाइल ६४ किलोबाइटच्या वर चालत नसे. आज कुटुंबाच्या ग्रुपवर येणारं 'सुप्रभात'चं एक चित्र बहुतेक वेळा याहून मोठं असतं. तेवढ्यात अख्खा गेम: चित्रं, आवाज, सगळे टप्पे. डावीकडे पळणारा माणूस वेगळा काढायचा नाही, उजवीकडे पळणाराच आरशासारखा उलटवायचा. ढग आणि झुडूप एकाच चित्रातून भागवायचं. प्रवासाला निघताना आई बॅगेत वाटीच्या आत चमचा आणि चमच्याच्या खाली लोणच्याची पुडी बसवायची, तसली ती कारागिरी होती.

जपानमध्ये जे झालं ते इथे का झालं नाही?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते.

इंदूरच्या सराफ्याची रीत आपल्याला माहीत आहे. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं. समजा, ओट्याच्या मालकाने गरम भुट्ट्याचा कीस विकणाऱ्याला सांगितलं, "गिऱ्हाइकाकडून पैसे मीच घेतो आणि रुपयातले नऊ पैसे ठेवतो, बाकी तुझे." कीसवाला खूश होईल. त्याला सुट्या पैशांची कटकट नाही आणि कमाईचा मोठा भाग त्याच्या हातात. तो उद्या आणखी चांगला कीस करील. आता समजा, मालक म्हणाला, "रुपयातले निम्म्याहून जास्त माझे. कोणता पदार्थ पुढे मांडायचा तेही मी ठरवणार. तुझा हिशेब काही महिन्यांनी." मग कीसवाला काय करील? मक्यात पाणी वाढवील, नाहीतर दुसरीकडे जाईल.

पहिली गोष्ट जपानमध्ये घडली. तिथल्या एनटीटी डोकोमो या टेलिफोन कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये आय-मोड नावाची सेवा सुरू केली. खेळ किंवा माहिती देणाऱ्याने महिन्याला थोडे येन आकारायचे, डोकोमो ते फोनच्या बिलात वसूल करून देणार आणि स्वतःकडे फक्त नऊ टक्के ठेवणार. २००१ मध्ये तिथल्या फोनांवर जावाचे गेमही आले. खेळ बनवणाऱ्यांची तिथे रीघ लागली, कारण कष्टाचे पैसे कष्ट करणाऱ्याकडे जात होते.

आपल्याकडे दुसरी गोष्ट घडली. बनवणारे नव्हते असं नाही. विशाल गोंदल यांनी मुंबईत १९९९ मध्ये इंडियागेम्स सुरू केली, पुढे नझारा उभी राहिली. आपल्या लोकांच्या आवडीचे, क्रिकेटचे आणि सिनेमांचे गेम त्यांनी जावावर केले. पण गेम गिऱ्हाइकापर्यंत न्यायचा दरवाजा एकच: सिमकार्ड देणाऱ्या कंपनीचा मेन्यू. गेमचे पन्नास-शंभर रुपये प्रीपेडच्या शिलकीतून कापले जात आणि त्यातला निम्म्याहून बराच मोठा वाटा ती कंपनी ठेवत असे. मेन्यूच्या पहिल्या पानावर कोणाचं नाव दिसणार, हेही तिथेच ठरायचं. पडदा एवढासा की दुसऱ्या पानावर कोणी जायचं नाही. म्हणून ओळखीचं नाव असलेला गेम वर, मग तो खेळायला कसाही असो. सिनेमाचा गेम घेऊन पस्तावलेली मुलं त्या वेळी घरोघर होती.

"पण आम्ही तर कधीच पैसे दिले नाहीत!"

खरं आहे. इंदूरमध्ये, आणि मला वाटतं बहुतेक शहरांत, जावा गेम विकले गेले त्याहून कितीतरी जास्त वाटले गेले.

माझ्या मामेभावाचा तेव्हा जेल रोडवर मोबाईल दुरुस्तीचा एक छोटा काउंटर होता. काचेखाली कव्हरं आणि चार्जर, मागे एक संगणक, त्याला लटकलेला कार्ड रीडर. पोरं मेमरी कार्ड काढून द्यायची आणि म्हणायची, "भिया, नई गेम डाल दो." वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं: गाणी, वॉलपेपर आणि पन्नास गेम. तिथून पुढे ब्लूटूथ. एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या, दोन फोन पाठीला पाठ लावून, वर्गाच्या शेवटच्या बाकावर. बाउन्स या गेमचा लाल चेंडू मी कधी डाउनलोड केला नाही, तो मैत्रिणीकडून आला. तिला तिच्या भावाकडून.

मग ही चोरी होती का? होती. ज्याने ६४ किलोबाइटमध्ये जग बसवलं, त्याला त्या तीस रुपयांतला पैसाही मिळाला नाही. मामेभावालाही हे माहीत होतं, मलाही कळत होतं, आणि ते मी आज सौम्य करून सांगू इच्छित नाही. पण असं का झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर भारतीय माणसाला फुकटच लागतं असा सोपा निष्कर्ष निघतो आणि तो मला चुकीचा वाटतो. तेच पोर मामेभावाला तीस रुपये रोख देत होतं. पैसे द्यायची तयारी होती. सरळ रस्त्याने द्यायची सोय नव्हती.

विद्यार्थ्याकडे क्रेडिट कार्ड नाही. इंटरनेटचा प्रचलित दर बरीच वर्षं दहा किलोबाइटला दहा पैसे होता. ऐकायला स्वस्त वाटतो, पण एका एमबीला, म्हणजे १,०२४ किलोबाइटला, दहा रुपयांच्या वर पडतो. आज एका चुकलेल्या व्हिडिओला जेवढा डेटा जातो, तेवढ्याचे त्या दराने शे-दोनशे रुपये झाले असते. त्यावर फोनमध्ये सेटिंग बरोबर नसेल तर डाउनलोड अर्ध्यात तुटायचं आणि शिलकीतले पैसे मात्र गेलेले असायचे.

आणि विश्वास उडाला होता. एकदा माझ्या फोनवर एका गेम पॅकचा मेसेज आला. मी तो नुसता उघडून बघितला, निदान माझी तशी समजूत होती. दुसऱ्या दिवसापासून रोज थोडे थोडे पैसे कापले जाऊ लागले. कॉल सेंटरला फोन लावून ते बंद करायला मला आठवडा लागला. गेलेले पैसे परत आले नाहीत. वडिलांनी सक्त सांगितलं, फोनमधल्या कुठल्याही गेमच्या यादीला हात लावायचा नाही. अशा तक्रारी देशभर इतक्या झाल्या की २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नियम घट्ट केला: अशी कुठलीही सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची. पण तोवर एका पिढीने ठरवून टाकलं होतं की गेम दुकानातून भरून घ्यावेत, शिलकीतून घेऊ नयेत.

मग खास गेमसाठीच फोन का नाही काढला?

काढला होता. नोकियाने ऑक्टोबर २००३ मध्ये एन-गेज आणला, फोन आणि गेमचं यंत्र एकत्र. गेम बदलायचा तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागायची, कारण गेमकार्डाची जागा तिच्याखाली होती. बोलायचं तर यंत्र कडेवर उभं धरून कानाला लावायचं. विक्री अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही.

त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. मोबाईलवर खेळणारा माणूस गेम खेळायला बसत नाही. तो कशाची तरी वाट बघत असतो. बस, डॉक्टर, उकळणारं दूध. त्याला दोन मिनिटांत सुरू होऊन कधीही सोडून देता येईल असा खेळ हवा. हे अमेरिकेतल्या जॅमडॅटने नीट ओळखलं. २००० मध्ये सुरू झालेली ही कंपनी बोलिंगसारखे साधे गेम फोनवर विकत होती. डिसेंबर २००५ मध्ये संगणकाच्या गेममधली बलाढ्य कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ती अडुसष्ट कोटी डॉलरच्या आसपास किमतीला घ्यायचं जाहीर केलं. फोनवरच्या गेमला किरकोळ समजणाऱ्यांनी त्यानंतर तसं म्हणणं सोडलं.

२००८: गल्ला हलला

१० जुलै २००८ रोजी ॲपलने आयफोनसाठी ॲप स्टोअर उघडलं, सुमारे पाचशे ॲपांसह. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचं ॲण्ड्रॉइड मार्केट आलं. लोकांना मोठा पडदा, बोटाने सरकवणं, फोन वाकवून गाडी वळवणं हे दिसलं. धंद्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच होती. ॲपलने सांगितलं: जगातल्या कोणीही गेम बनवून आणावा, किंमत त्याने ठरवावी, शंभरातले सत्तर त्याचे, तीस आमचे. मेन्यूवर जागा मिळवण्यासाठी टेलिफोन कंपनीच्या कचेरीत खेटे घालायचे नाहीत. पोर्टिंगचं ओझंही आयफोनवर जवळजवळ गेलं, कारण मापं घ्यायला माणूस एकच.

या बदलाचं सगळ्यात बोलकं उदाहरण फिनलंडचंच आहे. २००३ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी नोकिया आणि एचपीच्या स्पर्धेत फोनवरचा एक गेम करून बक्षीस मिळवलं आणि कंपनी काढली. तीच पुढची रोव्हिओ. सहा वर्षांत त्यांनी एक्कावन्न गेम केले, त्यातले कितीतरी दुसऱ्यांसाठी, आणि कंपनी बुडायच्या बेतात आली. डिसेंबर २००९ मध्ये बावन्नावा आला: अँग्री बर्ड्स. माणसं तीच, देश तोच. त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधला दरवाजा तेवढा बदलला होता.

यातली बारीक गोष्ट बघा. आयफोनवर अँग्री बर्ड्स एका डॉलरला एक सेंट कमी एवढ्या किमतीला विकला गेला. ऑक्टोबर २०१० मध्ये तोच गेम ॲण्ड्रॉइडवर आला तो फुकट, मध्ये मध्ये जाहिराती घेऊन. ॲण्ड्रॉइड वापरणाऱ्या कितीतरी देशांत तेव्हा स्टोअरमध्ये पैसे भरायची धड सोयच नव्हती. तोच पक्षी, तीच गोफण. एकीकडे खेळणारा पैसे देतो, दुसरीकडे जाहिरातदार. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं: जत्रेत शिरायला तिकीट नसतं

ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने एक नियम बदलला. तोवर गेमच्या आत काही विकायचं तर मूळ गेम विकतचा असावा लागे. आता फुकट गेमच्या आतही दुकान मांडायला परवानगी मिळाली.

जत्रेत शिरायला तिकीट नसतं. आत पाळणा आहे, मौत का कुआँ आहे, फुगे फोडायची बंदूक आहे, तिकीट तिथे. दारावर तिकीट लावलं तर निम्मी गर्दी बाहेरूनच परत जाईल, आणि गर्दी नसेल तर पाळणेवाल्याचंही नुकसान. गेमवाल्यांनी हाच हिशेब मांडला. टेम्पल रन २०११ मध्ये विकत मिळायचा. काही आठवड्यांतच तो फुकट केला आणि आतली नाणी विकायला ठेवली. त्यानंतर त्याची घोडदौड सुरू झाली. २०१२ मध्ये कँडी क्रश फोनवर आला. पाच जीव संपले की थांबा, नाहीतर पैसे द्या, नाहीतर मित्राकडे मागा.

अशा गेममध्ये बहुसंख्य लोक कधीच एक पैसाही देत नाहीत. कमाईचा मोठा भाग फार थोड्या खेळाडूंकडून येतो, आणि बाकीचे लोक जाहिराती बघतात. ते थोडे कोण असतील हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच आत घ्यायचं.

"आम्ही पैसे देत नाही, मग आमचं काय जातं?"

वेळ जातो, डेटा जातो. शिवाय गेमची घडणच बदलते. स्नेक विकायचा नव्हता, म्हणून तुम्ही हरलात काय आणि जिंकलात काय, त्याला फरक पडत नव्हता. दुकान आत असलेल्या गेमला फरक पडतो. तुम्ही नेमके कुठे अडकावं, किती चिडावं, आणि तेव्हा समोर कोणतं बटण दिसावं, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. मोठ्या माणसाला हे ओळखता येतं. आठ वर्षांच्या मुलाला येत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

आणि ज्यावरून हा सगळा विषय निघाला, ते पैसे लावायचे गेम? पंधरा वर्षं भारतात एकच अडचण होती: लहान रक्कम सहज घ्यायची कशी? २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि अडचण एकदम संपली. दहा रुपये द्यायला आता दहा सेकंद पुरतात. गेम विकणाऱ्यांना ज्या रस्त्याची इतकी वर्षं गरज होती, तो तयार झाल्यावर त्याच्यावर सगळ्यात जोरात धावले ते रमीचे आणि खेळाडूंची टीम निवडून तिच्यावर पैसे लावायचे गेम. सरकारने ऑक्टोबर २०२३ पासून तिथे लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतला, आणि २०२५ च्या कायद्याने असे गेम चालवणंच गुन्हा ठरवलं: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा, आणि पैसे न लावता करमणुकीसाठी खेळायचे गेम यांना कायदा वेगळं काढतो.

हे सगळं मी काकांना दोन संध्याकाळी मिळून सांगितलं. सापाचा आणि खड्यांचा भाग त्यांना फार आवडला. त्यांनी खिशातली सुपारी काढून ओट्यावर ओळ मांडून बघितली. मग नातवाला हाक मारली, "ये रे, तुझा फोन दाखव जरा ताईला." आम्ही तिघांनी मिळून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड मागायची सोय चालू केली. पासवर्ड काकांनी घातला, आमच्याकडे पाठ करून.

पोरगं लुडोकडे परत निघालं होतं, तेवढ्यात काकांनी विचारलं, "तो साप आता मिळतो का रे कुठे?"